आबांचा म्हशीचा पिक्चर

मी शाळेत मराठी शिकवते. लोकांनी कसं बोलावं हे सांगायचा मला पगार मिळतो. त्यामुळे मी स्वतः काय बोलून बसले ते सांगताना जीभ जड होते, पण सांगते. आमच्या पुस्तक भिशीत मी एक निबंध वाचला होता आणि त्याला टाळ्या पडल्या होत्या. हे लिखाण म्हणजे त्या निबंधाची दुरुस्ती समजा. ज्या बायकांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्यापुढेच हे वाचायचं आहे.

आबा म्हणजे माझे सासरे. पूर्ण नाव चिंधा दगा बोरसे. गाव शिंदखेड्याकडचं. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हे झाले तेव्हा आईनं त्यांना चिंधीत गुंडाळलं आणि नावही तेच ठेवलं, म्हणजे देवाला वाटावं की हे काही न्यायच्या लायकीचं नाही. देवानं खरंच नेलं नाही. सतराव्या वर्षी भुसावळकडून येणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसून ते सुरतेला आले आणि लिंबायतला एका खात्यात लागले. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी लूम चालवले, शेवटी शेवटी एकटे आठ मशीन सांभाळायचे. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी नकार दिला तेव्हा घरी बसले.

मी त्या खात्यात एकदाच गेले होते, लग्नानंतर पहिल्या वर्षी, डबा द्यायला. दारातून आत पाऊल टाकलं आणि कानात कुणी खडी ओतल्यासारखं झालं. आत माणसं होती, त्यांची तोंडं हलत होती, पण मला काही कळेना. डबा ठेवला आणि पळाले. बाहेर रिक्षावाल्याशी मी इतकी ओरडून बोलले की तो म्हणाला, बेन, हूं अहीं ज छूं, म्हणजे बाई, मी इथेच आहे. मी आपली घरी येऊन ती गंमत सांगितली. आत ती माणसं एकमेकांशी बोलतात कशी, हा प्रश्न मराठीच्या एम.ए. बाईला पडला नाही.

लग्न होऊन मी जळगावहून सुरतेतल्या गोडादऱ्याला आले त्याला आता चौदा वर्षं झाली. कॉलेजातली हंगामी नोकरी सोडून आले होते. नवरा गोपाल पर्वत पाटियाच्या कापड मार्केटात पॅकिंगचं काम बघायचा, अजून बघतो. गल्लीत सगळे आपलेच, धुळ्या-नंदुरबारचे, पण मला कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही. पहिला महिना मी जवळजवळ मुकीच होते. सासूबाई, म्हणजे शोभाबाई, बिचाऱ्या विचारायच्या, अगं काही दुखतं का. दुखत काही नव्हतं. दोन खोल्या, एक मोरी, आणि सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळता कामा नये, एवढंच होतं. आमच्याकडे सुनेनं सासऱ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. पाठमोरं उभं राहायचं, फार तर अर्धवट वळायचं, आणि पदराआडून बोलायचं. त्यांच्यासमोर बसून टीव्ही बघणं तर सोडाच. मी जळगावात शिकलेली, मनात धुसफुसायचे, पण पाळायचे सगळं. नोकरी लागल्यावरही तसंच. शाळेच्या वाटेवर वळणावर पदर खांद्यावर यायचा, परतताना त्याच वळणावर डोक्यावर जायचा.

त्या पहिल्या हिवाळ्यात आबांनी लिंबायतच्या बाजारातून एक सीडी आणली. आपल्या अहिराणी भाषेतला विनोदी पिक्चर, आपल्याकडच्याच कुठल्याशा पोरांनी काढलेला. त्याचं नाव घरात कुणी घेत नाही, आम्ही त्याला म्हशीचा पिक्चर म्हणतो. एका म्हाताऱ्याकडे एकच म्हैस, आणि त्यानं ती दोन जावयांना कबूल केलेली. दोघं एकाच दिवशी न्यायला येतात. मग म्हातारा म्हशीला लुगडं नेसवून खाटेमागे उभी करतो आणि सांगतो की ही माझी आजी, एकशे दहा वर्षांची, बोलत नाही. गावचा पोलीस पाटील भक्तिभावानं आजीच्या पाया पडतो आणि लाथ खाऊन थेट गव्हाणीत जातो. गव्हाणीतून डोकं वर काढून म्हणतो, "आजीना पाय भलता जड शे."

पिक्चर अगदी टुकार आहे, हे मी आजही म्हणेन. एका प्रसंगात वरून माईक लोंबताना दिसतो. थोरला जावई पांढरा शर्ट घालून दारात शिरतो आणि निळा शर्ट घालून आत पोचतो. सगळं गाव चार घरांत आटोपलंय, तीच तीच कोंबडी प्रत्येक घरापुढे फिरते. आणि मी हे इतक्या तपशिलानं सांगू शकते, कारण मी तो पिक्चर निदान तीनशे वेळा पाहिलाय. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, हातात कणकेचा गोळा आणि हसू आलं की तोंडात पदराचा बोळा कोंबून. मला तो आवडायचा. आवडायचा काय, त्या रविवारच्या दोन तासांसाठी मी आठवडा काढायचे. जळगावला शाळेत मी एकदा 'आहे'ऐवजी 'शे' म्हटलं म्हणून बाईंनी हातावर छडी मारली होती. त्यानंतर ती भाषा मी फक्त आजोळी बोलले. आणि इथे, परक्या गावात, टीव्हीवर माणसं धडधडीत तीच भाषा बोलत होती, पडत होती, उठत होती, आणि कुणी त्यांना छडी मारत नव्हतं. तो पोलीस पाटील तर थेट माझ्या धाकट्या मामासारखा दिसायचा. मी त्याच्या बरोबरीनं सगळी वाक्यं पुटपुटायचे.

पण हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, गोपाललाही नाही. आबा दर रविवारी दुपारी जेवण झालं की तो किंवा त्याच वळणाचा दुसरा पिक्चर लावायचे. आधी सीडी होती, मग पेन ड्राइव्ह आला, आता मोबाइलवरून टीव्हीवर. आवाज असा की खालच्या मजल्यावर ऐकू जावा. आणि मी कपाळाला हात लावून गोपालला म्हणायचे, काय बाई हे आबांचं खूळ. ते दिवाणावर बसायचे, समोर शोकेसमध्ये टीव्ही, आणि बाजूला शोकेसची काचेची दारं. त्या काचेत स्वयंपाकघराचं दार दिसतं. हे मला चौदा वर्षं घरात राहून माहीत नव्हतं, कारण मी कधी दिवाणावर बसलेच नव्हते.

आता भिशीचं सांगते. आम्ही सात-आठ शिक्षिका महिन्यातून एकदा एकीच्या घरी जमतो आणि काहीतरी वाचतो. भिशीच्या प्रमुख म्हणजे जयश्री मॅडम. पुण्याच्या, नवऱ्याच्या बदलीनं सुरतेत आलेल्या. वाचन दांडगं, बोलणं गोड, आणि भुवई अशी की ती वर गेली की समोरच्याला आपली चूक आपोआप सापडते. त्यांच्यात मला घेतलं याचा मला कोण अभिमान. दोन महिन्यांपूर्वी पाळी माझ्या घराची आली. आठवडाभर मी पडदे धुतले, शोकेसमधल्या स्टीलच्या बरण्या काढून पुस्तकं मांडली. वाचायला निबंध लिहिला होता, नाव 'आपला विनोद आणि आपली अब्रू'. खान्देशी विनोदी पिक्चरनी आपल्या माणसांचं हसं कसं केलंय, त्यावर चार पानं. हो, मीच लिहिली ती.

गोपालला बजावलं होतं की चारच्या आत आबांना बाहेर घेऊन जा. त्याला नेमकं मार्केटातून बोलावणं आलं. सासूबाई माझ्या मुलीला घेऊन त्यांच्या बहिणीकडे गेल्या होत्या. राहिले आबा. मी सकाळपासून सगळ्यांवर डाफरत होते, खमणच्या डब्यावरसुद्धा. साडेतीनला मी स्वयंपाकघरात कप पुसत असताना बाहेर म्हशीचा पिक्चर सुरू झाला. मी मनात म्हटलं, लावू दे, अर्धा तास आहे, बंद करायला सांगेन. तेवढ्यात बेल वाजली. जयश्री मॅडम आणि मनीषा मॅडम, अर्धा तास लवकर. आणि टीव्हीवर म्हैस लुगडं नेसत होती.

मी स्वयंपाकघरातून हललेच नाही. आबांनीच दार उघडलं, या या म्हणाले, खुर्च्या दिल्या, आवाज बारीक केला. जयश्री मॅडम थोडा वेळ टीव्हीकडे बघत राहिल्या असाव्यात. मग त्यांनी अगदी अदबीनं, म्हाताऱ्या माणसांशी बोलतात तसं मोठ्यानं विचारलं की काका, हे असलं तुम्हाला खरंच आवडतं का, यात काय आहे?

मला वाटलं आबा हसून टाळतील. पण ते बोलले. शुद्ध बोलायचा प्रयत्न करत, एकेक शब्द जोडत.

"मॅडम, तुमच्या चांगल्या पिक्चरमधी माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. रडायचं असलं तर पाठ करून उभी राहतात. मला काही समजत नाही. ह्यात सगळे तोंड उघडून बोलतात, समोर बघून बोलतात, आणि आमच्या भाषेत बोलतात. पडलं तरी कुणी कुणाला मारत नाही. आठ दिवस मशीनपुढं उभा राहिलेला माणूस एक दिवस हसला, तर कुणाचं काय गेलं?"

मनीषा मॅडम म्हणाल्या की पण काका, म्हशीला लुगडं नेसवायचं, ही बायकांची थट्टा नाही का? आबा म्हणाले की असेल, ते चुकीचं असेल, पण लोक हसतात ते पाटलाला. तो लुगड्याच्या पाया पडतो. लुगड्यात कोण आहे ते बघत नाही. हसायचं ते त्याला.

एवढी चांगली बाजू मला मांडता आली नसती. मी मराठीची बाई, विनोदावर चार पानं लिहिलेली, आणि हा मुद्दा मला सुचला नव्हता. त्या क्षणी बाहेर जाऊन नुसतं म्हणायचं होतं की मॅडम, मलाही आवडतो हा पिक्चर. आबा एकटे पडले होते. ते शोकेसकडे मान करून बघत होते, मला वाटलं टीव्हीकडेच. मी पाण्याचा ट्रे उचलला आणि बाहेर आले. त्या दिवशी मैत्रिणी येणार म्हणून पदर खांद्यावर पिन केलेला होता, डोकं उघडं. जयश्री मॅडमच्या खुर्चीमागे उभी राहून, त्यांच्या कानाशी वाकून, पण तोंड आबांकडे, मी हळूच म्हणाले,

"मनावर घेऊ नका, मॅडम. जन्मभर मशीन बघितलं, त्यांची समज तेवढीच. आम्हालाच लाज वाटते, पण सांगणार कुणाला."

आबांना ऐकू कमी येतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. दहा फुटांवरचं कुजबुजणं त्यांच्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग उठले, रिमोट हातात असताना तो न वापरता भिंतीवरचं बटन बंद केलं, चपला घातल्या आणि खाली निघून गेले. मला वाटलं, बरं झालं, समजून उमजून गेले. मग बाकीच्या बायका आल्या, खमण झालं, मी निबंध वाचला. मनीषा मॅडम म्हणाल्या, हर्षदा, किती बारकाईनं पाहिलंस गं, कोंबडीसुद्धा सोडली नाहीस. मी म्हटलं, अभ्यासासाठी पाहावं लागतं. टाळ्या पडल्या.

पुढच्या रविवारी टीव्ही लागला नाही. आबा जेवले, दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला शोकेसकडे पाठ करून बसले आणि छापा वाचत राहिले. सुरतेत वर्तमानपत्राला छापा म्हणायची त्यांना सवय. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. त्यापुढच्या रविवारीही तेच. सासूबाई म्हणाल्या, टीव्ही बिघडला का काय. आबा म्हणाले, डोळे दुखतात. बाकी त्यांच्या वागण्यात तसूभर फरक नाही. भाजी आणत होते, माझ्या मुलीला क्लासला सोडत होते, जेवताना वाढू का म्हटलं की ताट पुढे करत होते. तिसऱ्या रविवारी मला स्वयंपाकघरात करमेना. मोबाइलवर म्हशीचा पिक्चर लावला, इअरफोन कानात घालून बघितला. पाटील गव्हाणीत पडला, मला काही हसू आलं नाही. मी चिडले. कुणावर ते कळेना, म्हणून कुकरवर चिडले.

डोळे दुखतात म्हणाले म्हणून मी त्यांना चष्म्यासाठी पर्वत पाटियाला घेऊन गेले. संध्याकाळची वेळ, साड्यांचे गठ्ठे लादलेले टेम्पो, बसेस, सगळे एकदम हॉर्न दाबत होते. रस्ता ओलांडायला आम्ही उभे होतो. पलीकडच्या बाजूला आबांना शालिग्रामकाका दिसले. त्यांच्याच खात्यात वीस वर्षं शेजारच्या मशीनवर असलेले. मधे दुभाजक, चार पदरी वाहतूक. मला वाटलं हात हलवतील आणि संपेल. पण आबा बोलायला लागले. आवाज न काढता, नुसते ओठ, सावकाश आणि मोठे. पलीकडून शालिग्रामकाकाही तसेच. मधून एखादी बस आडवी गेली की थांबायचे, बस गेली की पुढे सुरू. एकदा दोघंही पोट धरून हसले. दहा मिनिटं मी त्यांच्या बाजूला उभी होते आणि मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

काका निघून गेल्यावर मी सवयीप्रमाणे मान फिरवून विचारलं की काय म्हणत होते. आबांनी उत्तर दिलं नाही. त्यांना कळलंच नव्हतं. मग मी त्यांच्याकडे तोंड केलं, रस्त्यावर होते म्हणून तेवढं धाडस झालं, आणि पुन्हा विचारलं. लगेच म्हणाले, नातीचं जमलं म्हणतो, नवरा मुलगा तिकडे सचिन गावाला कंपनीत आहे. मी विचारलं की हे एवढ्या लांबून कसं कळलं? ते म्हणाले की खात्यात असंच असतं, तिथं कान कुठे चालतात, तोंड बघून समजायचं. आता तर बाहेरही तसंच, कानांत काही राहिलं नाही, बाई. समोर तोंड असलं तर खात्याच्या दुसऱ्या टोकावरचं समजतं.

मी तिथेच फुटपाथवर बसले. आबा घाबरले, पाणी आणायला धावले, त्या गुडघ्यांनी.

म्हणजे दहा फूट काहीच नव्हतं. आणि त्याहून वाईट पुढे सुचलं. चौदा वर्षं मी त्यांच्याशी पाठमोरी बोलले, पदराआडून बोलले, मान राखायचा म्हणून. आबा जेवायला या, आबा औषध घेतलं का, आबा तुम्ही आणलेली केळी गोड निघाली, हे सगळं मी भिंतीला सांगितलं होतं. त्यांना त्यातलं किती पोचलं देव जाणे. माझं तोंड पूर्ण त्यांच्याकडे असताना, डोकं उघडं असताना, मी आयुष्यात त्यांच्यासमोर एकच वाक्य बोलले होते. माझ्या सासऱ्यांनी माझ्या तोंडून नीट ऐकलेलं ते पहिलं वाक्य, की आम्हालाच लाज वाटते.

आठवडाभर मी त्यांच्यासमोर जायची टाळाटाळ केली. ताट सासूबाईंच्या हाती पाठवायचे. रविवारी दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. ते छापा घेऊन दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले, पदर डोक्यावरून खाली घेतला आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. तोंड त्यांच्याकडे. त्यांनी छापा खाली ठेवला. मला माझा चेहरा कुठे ठेवू असं झालं होतं, पण फिरवता येत नव्हता, फिरवला तर त्यांना कळणार नव्हतं.

मी म्हणाले की आबा, त्या दिवशी मॅडमना मी जे बोलले, ते तुम्हाला दिसलं. ते म्हणाले, दिसलं. मी म्हणाले की मी खोटं बोलले, तुमची समज माझ्यापेक्षा मोठी आहे, मला माफ करा. आणि तो पिक्चर मलाही आवडतो, मी आतून बघायचे, तुम्हाला माहीत नाही.

आबांनी छाप्याची घडी घातली. मग त्यांनी शोकेसच्या काचेकडे बोट केलं आणि मला दिवाणावर बसायला सांगितलं. मी चौदा वर्षांत पहिल्यांदा तिथे बसले. काचेत स्वयंपाकघराचं दार दिसत होतं, ओटा दिसत होता, कणकेची परात दिसत होती.

"पिक्चर माझा नाही, तुझा आहे," ते म्हणाले. "घरात नवीन पोरगी आली, महिनाभर बोलेना. मी शोभाला म्हटलं, ही राहत नाही. मग हा पिक्चर आणला, काचेत बघितलं, तर तू हसत होतीस. पदर तोंडात घालून. दुसऱ्या खेपेला पाटलाच्या आधी तू बोललीस, आजीना पाय भलता जड शे. मला तोंड दिसलं तुझं. तेव्हापासून दर रविवारी लावतो."

मी विचारलं की मग तुम्हाला आवडत नाही? ते म्हणाले की आवडला ना, दोनदा आवडला, पण चौदा वर्षं तोच पिक्चर कुणाला आवडेल. मला त्याही अवस्थेत ते खरं वाटलं. मी म्हणाले की मग त्या दिवशी मॅडमसमोर का नाही सांगितलंत, की सुनेसाठी लावलाय म्हणून? सकाळपासून मी चिडलेली होते म्हणूनच लावला होता ना?

"तुला त्यांच्यात बसायचं होतं," आबा म्हणाले. "माझं काय, मी म्हातारा माणूस. मला काही म्हणोत."

म्हणजे दोन पदवीधर बायकांपुढे तो माणूस माझ्या आवडीची बाजू मांडत होता, आपली म्हणून. आणि ज्या सुनेला तो पाठीशी घालत होता, ती पाण्याचा ट्रे घेऊन आली आणि त्याला अडाणी म्हणाली. मी मोबाइल काढला, टीव्हीला जोडला आणि म्हशीचा पिक्चर लावला. म्हटलं, आपण बरोबर बघू. ते सरकले, जागा दिली. माईक लोंबला, शर्ट बदलला, कोंबडी गेली, म्हैस लुगडं नेसली. आबा टीव्हीकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते. आता काचेची गरज नव्हती. ते वाट बघत होते, आणि मला समजत होतं कशाची.

पाटील गव्हाणीत पडला तेव्हा मी हसले. मोठ्यानं, मान मागे टाकून, शाळेच्या गॅदरिंगमध्ये हसतात तशी. आबांनी हात लांब करून रिमोट घेतला आणि पिक्चर थांबवला.

"खोटं हासू नको, बेटा. माले दिसस."

रागावले नव्हते. टीव्ही बंद केला आणि म्हणाले की चहा कर, हसू आलं म्हणजे लावू. मी उठून चहा केला.

त्याला आता तीन रविवार झाले. आता मी त्यांच्याकडे तोंड करूनच बोलते, सासूबाई काही म्हणत नाहीत. जेवण झालं की आबा दिवाणाच्या पहिल्या टोकाला येऊन बसतात, रिमोट हातात घेतात आणि माझ्या तोंडाकडे नीट बघतात. मग रिमोट बाजूला ठेवून छापा उघडतात.